महिपतच्या गळ्यासाठी भुंगा

समोर सारवलेलं अंगण. डाव्या अंगाला झावळ्यांचा ढीग, मागे उंच माड आणि मधोमध पायरीवर उकिडवा बसलेला महिपत. साल दोन हजार एक, पालीजवळची वाडी, उन्हं कललेली. एवढ्यात उजवीकडून त्याचा भाचा रघू प्रवेश करतो. मालवाहू बोटीवरचा खलाशी. मुठीत काहीतरी झाकलेलं.

महिपत साठीचा. पस्तीस वर्षं त्यानं लोकांच्या माडांवर चढून नारळ काढले आणि शेंड्यात शिरलेले भुंगे लोखंडी आकड्यानं उपसून मारले. त्या काळ्या किड्याइतका वैरी त्याला दुसरा नव्हता. रघूनं मूठ उघडली, तर हिरव्या दगडाचा भुंगाच!

"सात समुद्र ओलांडून ह्यो आणलास? इथं काय कमी होते?"

"मामा, ह्यो माड नाय खात. शेणाचे गोळे ढकलतो. इजिप्तची जुनी माणसं म्हणायची, सूर्यपण असाच कोणीतरी ढकलतो. म्हणून राखणीला हा जवळ बाळगायची. बाजारातली नक्कल हाय, पण खूण तीच."

महिपतची बायको चिमा काळा दोरा घेऊन पुढे आली. गेल्या महिन्यात शेजारचा बाळा माडावरून पडला, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर.

"गळ्यात बांधा. तरच उद्या चढायचं."

महिपतच्या कपाळाला आठी पडली. दोरा आधीच वळून तयार कसा? मामी-भाच्याचं संगनमत दिसतंय. आज दोरा, उद्या म्हणतील घरीच बसा. आणि चढणं सुटलं, तर वाडीत महिपतला विचारतो कोण? त्यानं भुंगा उलटा केला. पोटावर बारीक खुणा कोरलेल्या.

"ही करणी कोणाची रे?"

"करणी कसली! असले भुंगे मेलेल्याच्या छातीवर ठेवायचे."

"ऐकलंस चिमे? भाचा मला मढं समजतो!"

"पुढचं तरी ऐका मामा. मेल्यावर काळीज तागडीत घालून पारख व्हायची म्हणे. तेव्हा त्यानं आपलं गुपित फोडू नये, म्हणून ह्याच्या पोटावर लिहायचे, 'काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नको.'"

महिपत हसला नाही. त्यानं माडाच्या शेंड्याकडे पाहिलं, मग चिमाकडे. ती दोरा धरून अजून तशीच उभी होती. त्यानं भुंगा हळूच तिच्या ओंजळीत ठेवला.

"दोन महिने झाले गो, वर पोचलो की डोळ्यांपुढं काळोख येतो. बोललो नाय. तू चढू दिलं नसतंस."