नथ्थूचं मोटेवरचं गाणं

कामरगावच्या चंपत माळ्याचा हात जिभेच्या आधी चालायचा. बैलावर चालला, बायकोवर चालला, आणि एकदा धाकट्या भावावर, नथ्थूवर असा चालला की घराची रयाच गेली. नथ्थू मोट हाकता हाकता गाण्यात गुंगला आणि पाण्यानं वांग्याची रोपं वाहून गेली, एवढंच निमित्त. चंपतनं बैल हाकायच्या पराणीनं त्याला रक्तबंबाळ केलं, कान फाडला. नथ्थू त्याच दिवशी घर सोडून गेला.

त्याला नऊ वर्षं झाली. चंपत दगडच, चारचौघांत कधी रडला नाही. पण दर बाजाराला भाजीची टोपली बायकोपुढे, गिरजाबाईपुढे टाकायचा आणि 'फाटक्या कानाचा मानूस पाह्यला का' म्हणून दिसेल त्याला विचारत हिंडायचा. भाऊ सापडला की त्याचे पाय धरायचे, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

एकदा कारंजाच्या बाजारात कांद्याच्या ढिगांपलीकडून भोपळ्याच्या किंगरीची तार वाजताना ऐकू आली, आणि तिच्यावर गाणं.

"चाल रे मोऱ्या, भर थारोळं..."

चंपत जागीच थिजला. मोटेचं पाणी थारोळ्यात पडताना म्हणायचं हे गाणं नथ्थूनं स्वतः जुळवलेलं. मोऱ्या त्यांचाच बैल, केव्हाच मेलेला. लोकांना कोपरानं ढकलत तो पुढे घुसला. गाणारा कुणी परका म्हातारा होता, आणि त्याच्या मनगटात नथ्थूचं चांदीचं कडं होतं.

"हे कडं कोठून आनलं? त्याले मारलं का तुवा?"

म्हातारा नुसता हसला. थांब जरा, अशी मान हलवून गातच राहिला.

चंपतनं किंगरी हिसकली आणि तिच्याच दांड्यानं त्याच्या तोंडावर हाणलं. किंगरीचा भोपळा फुटला. दोन दात मातीत पडले. गिरजाबाई आडवी आली, तिलाही त्यानं भिरकावलं. चार हमालांनी आवळून धरलं तरी त्याच्या लाथा चालूच होत्या.

म्हाताऱ्यानं रक्त थुंकलं. "मारलं नाई. वळख पटावी म्हनून त्यानंच देल्लं. म्हने, बाजारात माहं गानं म्हन, भाऊ येईनच. त्याचा राग निवला असला तं घरी येतो."

चंपतनं लाथा झाडणं थांबवलं. "कोठी हाय तो? बाबा, पाया पडतो, सांग!"

"तुमी हात उचलला तं पत्ता देऊ नोको, असंबी त्यानंच सांगतलं."

म्हाताऱ्यानं कडं काढून मातीत ठेवलं, फुटका भोपळा झोळीत घातला आणि तो गर्दीत शिरला. चंपत ओरडत होता, रडत होता, पण हमालांनी त्याला सोडलं नाही.