मातीत सापडलेली चूक

धानाच्या रोवणीचं ते चित्र सक्करदऱ्याच्या एका सभागृहातल्या प्रदर्शनात लागलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांनी हातांनी पाहावं म्हणून मी त्याची मातीची उठावदार प्रत करून, संयोजकांशी भांडून शेजारी ठेवली होती. संयोजक म्हणाले होते, "आंधळ्यांना चित्रातलं काय कळते गा? आज ठेव, उद्या काढ."

दुपारी काठी टेकत कुहीच्या एक मावशी आल्या. डोळे जाईपर्यंत त्यांनी रोवणीच केली होती. पदराला हात पुसून त्यांनी मातीवरून सावकाश बोटं फिरवली. वाकलेल्या बायांच्या पाठीवर थांबून हसल्या. मग एकदम कडाडल्या, "काहून गा, रोवलेलं धान बायांच्या मागं कसं? रोवताना बाई मागं मागं सरकते. ह्या तं आपलंच धान तुडवून राहिल्या!"

मी चित्राकडे धावलो. चूक तिथेही होती! आठवडाभर डोळस माणसं वाहवा करून गेली, एकालाही ती दिसली नव्हती. चित्र पाहण्याच्या हक्कात त्याची चूक काढण्याचा हक्कही येतो, हे मला त्या बोटांनी शिकवलं.

संयोजक हळूच म्हणाले, "मावशी, बाकी चित्रंही मातीत केली तर याल?"

"येईन नं." मग मातीवर बोट ठेवून त्या मला म्हणाल्या, "पण पहिले हे नीट कर."