शेठच्या बोटीला पाणी पाजताना

कापसाच्या जिनिंगच्या वर्कशॉपात दहा वर्षं काढलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते भंगारासारखे आपोआप साचतात आणि कोपऱ्यात एवढा ढीग कधी झाला ते कळतही नाही. माझ्या ढिगातला निम्मा माल एकाच बोटीचा आहे. दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी तेव्हा तापीकाठच्या एका जिनात फिटर होतो आणि दगडू मिस्त्री आमचे हेडफिटर.

जिनाला बोट कशाला, ते आधी सांगतो. आमचं गाव तापीच्या उत्तरेला. पावसाळ्यात समोर तापी आणि शहाद्याच्या वाटेवर गोमाई. दोन्ही भरल्या की आम्ही बेटावर! आदल्या आखाडात मालक गोविंदशेठ यांच्या बायकोचं बाळंतपण अडलं. डॉक्टरीणबाई पल्याड, नंदुरबारला. आनंदा नावाडी म्हणाला, "शेठ, नाव टाकी तर सगळाच जातीन." ते खरंच होतं. दोन दिवस पूर हटला नाही. बाई गेली, मूलही गेलं.

शेठ आनंदाला एका शब्दानं बोलले नाहीत. हिवाळ्यात मुंबईला गेले आणि एका साहेबाची शर्यतीची बोट विकत घेऊन आले, बिनइंजिनाची. मिस्त्रींना म्हणाले, "आखाडना पूरमा ही पल्याड जावाले जोयजे. बाकी मले काही समजत नही."

पुरात हळू नाव वाहून जाते, म्हणून वेग हवा. वेग हवा, म्हणून मिस्त्रींनी तिच्यात लॉरीचं दांडगं इंजिन बसवलं. आता ते गार कसं ठेवायचं, इथून आमची वरात निघाली.

* * *

जिनातल्या ऑइल इंजिनाला शेजारी पाण्याचा हौद असतो. तेच पाणी इंजिनातून फिरतं आणि परत हौदात येतं. मिस्त्रींची सगळी हयात त्या हौदाशेजारी गेलेली. त्यांनी पत्र्याचा हौद केला, बोटीत बसवला आणि आम्ही बारा-बारा बादल्या वाहून तो भरला. बोट काठापर्यंत दबली. इंजिन सुरू केलं तर म्हशीसारखी जागच्या जागी डुंबत राहिली.

शेठ काठावर उभे राहून शांतपणे बघत होते. म्हणाले, "मिस्त्री, आपुन नदीवर जाई ऱ्हायनूत ना? मंग पानी घरथून कसाले?"

मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी हौद बोटीतून काढायला लावला. तिसऱ्या दिवशी हौद जिनाच्या दारात ठेवून त्यात बैलांना पाणी पाजायची सोय केली.

* * *

मग ठरलं की नदीचंच पाणी घ्यायचं. बोटीच्या तळाला भोक, भोकावर पितळी कॉक, कॉकपासून रबरी नळी, नळीतून पंप पाणी ओढणार, ते इंजिनातून फिरून मागच्या नळकांड्यातून बाहेर पडणार. सोपं काम. मिस्त्रींनी बोट उलटी केली आणि गिरमिट लावलं.

वाटाड्या म्हणून शेठनी आनंदाला ठेवून घेतलं होतं. तो धावत आला आणि गिरमिटावर हात ठेवून उभा राहिला. "तीस वरीस मन्हा जनम नावना भोकं बुजामा गया. आन तू चांगली नावले भोक पाडी ऱ्हायना?"

मिस्त्रींनी त्याला कॉक दाखवला. उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आनंदानं तो हातात घेऊन वास घेतला आणि परत दिला. "पाड. पन मी आठे उभा नही ऱ्हावाव," म्हणाला आणि खरंच जिनाच्या पलीकडे जाऊन बसला.

* * *

भोक आम्ही पुढच्या अंगाला पाडलं, कारण पाणी पुढून येतं अशी आमची अक्कल. हळू चालली तोवर मागच्या नळकांड्यातून झकास धार पडायची. वेग दिला की धार बंद आणि पाच मिनिटांत इंजिनातून वाफ. पंप खोलला, नळ्या बदलल्या, मिस्त्रींनी मला शिव्या दिल्या, मी पंपाला दिल्या. पंधरा दिवस असेच गेले. आखाड महिन्यावर आला होता आणि मिस्त्री जेवायलाही घरी जाईनात.

कोडं सोडवलं ते आनंदानं. काठावर पालथा पडून, गाल वाळूला टेकवून त्याने धावती बोट पाहिली. उठला, वाळू झटकली आणि म्हणाला, "तुन्ही बोट पयाले लागनी का तोंड वर करस. पुढला भोकले वारा लागस, पानी नही. ती मांगला बुडवर बठस, तठे पाड."

म्हणजे आम्ही पंधरा दिवस इंजिनाला वारा पाजत होतो! मिस्त्रींनी गिरमिट त्याच्याच हातात दिलं. आनंदानं मागचं भोक पाडायला साफ नकार दिला. पुढचं मात्र असं बुजवलं की बोट फुटली असती तरी ते फुटलं नसतं.

* * *

मागच्या भोकाला आम्ही पुढे तोंड केलेली पितळी तोटी लावली. बोट जितकी पळेल तितकं पाणी आपोआप आत ढकललं जाणार. चाचणीच्या दिवशी सगळा गाव काठावर. तापीत नवी नाव घालायची तर पूजा हवीच. आनंदाची बायको काशीमावशी हिने पुढाकार घेतला. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळाची शेंडी, सगळं बोटीच्या पुढ्यात पाण्यावर सोडलं. आम्हीही हात जोडले. मग मिस्त्रींनी त्या फुलांवरूनच बोट घातली.

शंभर हात गेलो आणि धार बंद. तोटी उघडली तर आत झेंडू ठासून भरलेला. काशीमावशीनं पाकळ्यांचा तो लगदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "तापीमायले वाहेल व्हतं. मधमाच इनी खाई टाकं!"

त्यानंतर तोटीवर जाळी आली, आणि पूजा बोट गेल्यावर करायची असा नियम झाला. नारळ वाढवायचा हक्क मात्र मावशीनं सोडला नाही.

* * *

आखाडातल्या तिसऱ्या पुराच्या सकाळी आनंदा स्वतः शेठच्या दारात येऊन उभा राहिला. त्याची सून रात्रीपासून अडली होती. शेठनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि नदीकडे निघाले. पल्याडच्या गावात त्यांची मोटार आखाड लागल्यापासून उभी होती.

बोटीत सून, काशीमावशी, आनंदा, शेठ, चाकावर मी आणि इंजिनापाशी मिस्त्री. पाणी गढूळ, झाडंच्या झाडं वाहत होती. आम्ही निम्मं पात्र कापलं आणि मिस्त्री ओरडले, "धार बंद!" जाळी गाळानं आणि गवतानं बुजली होती. इंजिन बंद करावं तर पूर नेणार, चालू ठेवावं तर ते जळणार.

मिस्त्रींनी कॉक मिटला, त्यावरची रबरी नळी उपसून काढली, तिच्या तोंडाला स्वतःचा रुमाल बांधला आणि ती बोटीच्या तळाशी सोडली. लाटांनी तिथे वीतभर पाणी साचलं होतं. आनंदा ते डब्यानं बाहेर उपसत होता.

"काढू नको, आनंदा. भर!" मिस्त्री म्हणाले.

आनंदा डबा हातात धरून बघतच राहिला. तळातलं पाणी इंजिन भराभर पीत होतं. पहिला तांब्या काशीमावशीनं बुडवला. भरला आणि बोटीत ओतला. मग आनंदानं डबा उलटा फिरवला. शेठनी डोक्यावरचं पागोटं काढलं, नदीत बुडवलं आणि बोटीत पिळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं. काठावरून सगळा गाव बघत होता, की भर पुरात ही माणसं आपल्या हातानं बोटीत पाणी भरतायत. मिस्त्रींची नजर मागच्या धारेवर होती आणि मी समोरच्या काठाशिवाय काही पाहत नव्हतो.

पल्याडच्या चिखलात बोट घुसली. सुनेला उचलून मोटारीत ठेवलं, मावशी आणि मोटार हाकायला मिस्त्री तिच्यासोबत गेले. संध्याकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मोटार दिसेनाशी झाली तरी शेठ घोटाभर पाण्यात, बोटीतच उभे होते. हातात पिळलेलं पागोटं. ते मागे वळले आणि नदीपलीकडे आपल्या गावाकडे बघत राहिले. तिथली माणसं, जिनाचं धुराडं, सगळं दिसत होतं.

"आनंदा," ते म्हणाले, "इतलीच रुंद शे का रे ही?"