ॲन्सेल्मचे रबरी मासे

ॲन्सेल्म मस्कतची नोकरी सोडून कायमचा घरी आला, तेव्हा आळीतल्या बायकांची नजर त्याच्या बॅगांवर होती. बॅगांतून निघालं काय, तर रबराचे मासे. बोटाएवढे, लुसलुशीत, हिरवे, गुलाबी, एकाच्या पोटात चमकीसुद्धा. शेपटी अशी की नुसत्या फुंकरीने हलावी. ह्यांना कोलंबीचा तुकडा नको की गांडूळ नको, असं तो मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून सांगायचा. पाण्यातून ओढत नेलं की जिताड्यासारखा मोठा मासाही बायकापोरं सोडून मागे येतो म्हणे. वसईच्या खाडीत ते मासे एकदाही भिजलेले नव्हते, एवढं सांगायचं मात्र राहून जायचं.

एरवी हे खपून गेलं असतं. पण त्याच सुमारास त्याच्या मुलीला, डेल्फिनला, उमेळ्याहून मागणी आली. मुलगा गॉडफ्रे, गुणी. डेल्फिनच्या मनातही भरलेला. मुलाचा बाप गॅब्रिएल मात्र केळीच्या बागेत वाढलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याने निरोप धाडला की मुलगी चांगली आहे, पण बाप बाता मारतो असं कानावर आलंय, आणि बाताड्याच्या घरी सोयरीक करायची नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्ही नवराबायको जेवायला येतो. त्या दिवशी मटण नाहीच, तेव्हा रबरावर काढलेला मासाच खाऊ घाला. होडीत मी सोबत येईन.

त्याच्या बायकोने, हिल्डाने, कपाळाला हात लावला. डेल्फिनने रबरी मासे गोळा करून बापाच्या पुढ्यात ठेवले. ओरडली असती तर ॲन्सेल्मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी तो बाजारात गेला. तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी. ओळखू येऊ नये म्हणून केलेल्या ह्या वेशात तो सगळ्या बाजाराच्या डोळ्यात भरला. कोळणीला खुणेनेच एक जाडजूड जिताडा दाखवून तो शहाळेवाल्याच्या गाडीमागे दडला. तिने पुडकं बांधून दिलं, त्याने ते न उघडताच बर्फाच्या पेटीत घातलं, आणि पेटी गेली हिल्डाच्या भावाच्या, आग्नेलच्या होडीत फळीखाली. रबराने लाज राखली तर उत्तम. नाहीतर हाच मासा गुपचूप गळाला लावायचा, पाण्यात सोडायचा आणि ओढून काढायचा.

सकाळी पाचूबंदराहून होडी निघाली. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट लागली तसा गॅब्रिएल होडीचा काठ घट्ट धरून बसला. ॲन्सेल्मने ऐटीत गळाची काठी फिरवली. हिरवा मासा गेला, शेपूट गमावून आला. गुलाबी गेला, तोही बांडा होऊन आला. खाली धारदार दातांचे, फुगऱ्या पोटांचे केंडमासे पंगत मांडून बसले होते, शेपट्या तेवढ्या कुरतडत होते.

"भावोजी," सुकाणूवरून आग्नेल म्हणाला, "पानी बघून टाका हो. केंडांचं पोट बिघडंल."

चमकीवालाही बुचा होऊन आला. तोवर गॅब्रिएलला बोट लागली होती. त्याने डोळे मिटून घेतले. हीच संधी. ॲन्सेल्मने त्याच्यावरची नजर न काढता पाठीमागे हात नेला, चाचपडत पुडकं सोडलं, चाचपडतच माशाच्या जबड्यात गळ अडकवला आणि मासा पलीकडच्या बाजूने सोडला. मग ओरडला, लागला म्हणून. काय कण्हला, काय मागे रेलला! आग्नेलला तोंड फिरवून खोकावं लागलं.

गॅब्रिएलने डोळे उघडले. मासा फळीवर आडवा. खवले काढलेले, पोट चिरून धुतलेलं, आणि दोन्ही अंगांना मसाला मुरायला तिरप्या चिरा मारलेल्या. रुमालामागचं नेहमीचं गिऱ्हाईक कोळणीने ओळखलं होतं आणि न सांगता सगळं करून दिलं होतं.

"तुमच्याकडचा समुद्र सोयीचा दिसतो," गॅब्रिएल म्हणाला. "हळद-मीठ घरीच लावायचं, की तेही खालीच मिळतं?"

ॲन्सेल्मने काठी खाली ठेवली. सगळं कबूल केलं. बाता माझ्या आहेत, पोरीच्या नाहीत, तिला त्यांची शिक्षा नको, एवढंच म्हणाला.

गॅब्रिएलने किनाऱ्याकडे एक नजर टाकली. मग त्याने विचारलं, हे आणखी कुणी पाहिलंय का. कुणी नाही म्हटल्यावर तो हलकेच पुढे सरकला.

"मग हा मी काढला. आमची एमिली चारचौघांत सांगते, ह्यांना बाजारातून धड ताजा मासा आणता येत नाही. तुम्ही गप्प राहायचं. जमत असेल तर पोरगी आमची."

आग्नेलने गुप्ततेची शपथ घेतली आणि ती पाळलीही, होडी बंदराला लागेपर्यंत.

जेवताना गॅब्रिएलला कंठ फुटला. मासा होडीखालून गेला काय, होडी गर्रकन फिरली काय. आणि ॲन्सेल्म जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याची बात तोंड मिटून ऐकत होता. जिथे जिथे ती आणखी रंगवता आली असती, तिथे तिथे त्याचा घसा खवखवायचा आणि टेबलाखालून हिल्डाचा पाय त्याच्या पायावर पडायचा. डेल्फिन वाढताना ओठ चावून हसू दाबत होती. ईस्टरनंतरच्या रविवारी साखरपुडा ठरला.

गोष्ट एवढ्यावर थांबायची, पण एमिलीने सहज विचारलं की मासा इतका सुरेख साफ कुणी केला.

"मीच," गॅब्रिएल भरात होता, "हलत्या होडीत."

एमिलीचा घास हातातच राहिला. "येतं होय तुम्हाला? आणि मी मेली इतकी वर्षं खवले काढत बसलेय."

डेल्फिनचा संसार छान चाललाय. उमेळ्याला कधी गेलात तर त्यांच्या मागच्या दारी डोकावा. सासरेबुवा विळीवर बसलेले असतात, दंडापर्यंत खवले उडालेले. हाक मारलीत तर मान वर करायचे नाहीत.