अप्पांचा उजवा हात

आरसा खोटं बोलत नाही, ही थाप ज्या कुणी पसरवली, त्याने माझं पाहुण्यांदेखत हसं केलंय. अहो, आरशाला खोटं बोलायला लावणं हाच माझा धंदा होता!

सांगतो. फिजिओथेरपी शिकून नुकताच चेन्नईत आलो होतो. वेलचेरीत एक खोली. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं, त्यामुळे जेवायचो तेही मेसमध्ये भिंतीकडे तोंड करून. मराठी कानावर पडायची ती फक्त सेतुराव अप्पांच्या घरी. माणसं तंजावरची, मराठी जुनी, तमिळच्या हेलात बोललेली. तीसुद्धा मी अधाशासारखी ऐकायचो.

अर्धांगवायूने अप्पांचा उजवा हात गेला होता. डाव्या हाताने जेवणं त्यांना मान्य नव्हतं, म्हणून काकू भरवायच्या. उजव्या हाताने भात कालवायचा, एवढीच त्यांची इच्छा.

मी मधोमध आरसा उभा करायचो. उजवा हात आरशामागे, डावा पुढे. डावा हलला की आरशात उजवाच हलताना दिसतो. मेंदू फसतो, आणि फसता फसता नवी वाट शोधायला लागतो. "दोन्ही हात एकदम हलवा," असं मी रोज बजावायचो. हात सारखे दिसावेत म्हणून डाव्यातली अंगठी आणि घड्याळही मीच काढायला लावलं होतं. हे लक्षात ठेवा.

कित्येक आठवडे गेले, हात ढिम्म. दोघं मला तंबी म्हणायचे, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. काकू म्हणाल्या, "तंबी, शनिवारपर्यंत बघू. नाहीतर पुरे."

म्हणजे अप्पांचा भात गेला आणि माझी मराठीही.

शनिवारी पाहुणे आलेले. अप्पांच्या शेजारची माझी खुर्ची कुणीतरी बळकावलेली. मी समोर बसलो, आरसा दूर केला. "अप्पा, अंगठा उचला."

माझ्या उजवीकडचा अंगठा ताडकन वर!

"काकू, हलला! हात हलला!"

"तंबी, अरे, तो..." अप्पा म्हणाले.

"बोलू नका अप्पा, मेंदूला काम करू द्या."

काकूंनी देवापुढे दिवा लावला. एका पाहुण्याने तंजावरला फोन लावला. काकू डोळे पुसत सांबार-भाताचं ताट घेऊन आल्या. मी तर इतका भारावलो होतो, की तो हात स्वतः धरला आणि भातात ठेवला.

अप्पा ताटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तंबी, हा डावा."

समोर बसलं की समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. शाळेतही.

फोनवर तंजावर अजून आनंदाने ओरडत होतं. मी आरसा उचलून पिशवीत घालू लागलो.

काकूंनी पिशवी काढून घेतली. "आज जेवलास?"

"नाही."

त्यांनी दुसरं ताट मांडलं. "आरसा इथेच राहू दे. रोज आधी जेवत जा, मग हात बघ. उपाशी माणसाला डावं-उजवं कळत नाही."