प्रेसच्या तोंडावरचा डोळा

आमच्या कापसाच्या जिनात डोळा बसवला तो मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या हंगामात. तो बसवायला आलेला मिस्तरी त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगायचा, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. आम्ही सगळ्या त्याला डोळाच म्हणायचो.

जिन जऊळक्याच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. एका हॉलमध्ये कापसातून सरकी वेगळी व्हायची, बाजूच्या हॉलमध्ये प्रेस होती. प्रेस म्हणजे एक उंच लोखंडी पेटी. तिला आमच्या छातीच्या उंचीवर तोंड होतं. आम्ही बाया रुई कवेत भरून आणायचो, तोंडातून आत लोटायचो आणि हातांनी कोपऱ्यांत सारायचो. मग वरून लोखंडी दाब उतरायचा, रुई खाली बसवायचा आणि परत वर जायचा. पेटी गच्च भरली की पुरुष माणसं त्या रुईची गाठ बांधत.

दाब उतरवायचं हँडल पेटीच्या पाठीमागे होतं. तिथे चाचा उभे राहत. चाचा म्हणजे वयानं मोठे, कमी बोलणारे मुसलमान गृहस्थ. त्यांना समोरचं तोंड दिसत नसे. म्हणून तोंडापाशी एक बाई आवाज द्यायला ठेवलेली असायची. कोणाचा हात आत असला की तिनं ‘थांबा’ म्हणून ओरडायचं. मागच्या हंगामात ती ओरडली, पण पट्ट्यांच्या आवाजात चाचांना ऐकू गेलं नाही. एका बाईची दोन बोटं गेली. आवाज देणारी बाई त्यानंतर कामावर आली नाही. तिला कोणी दोष दिला नव्हता, तरी ती आली नाही. तिच्या जागी उभी राहायला दुसरी कोणी तयार होईना. शेवटी मालकानं अकोल्याहून डोळा मागवला.

तोंडावर माझी जोडीदारीण तांड्यावरची बंजारा बाई होती. माझ्या आईच्या वयाची असेल. मी तिला मावशी म्हणायची. तिचा तांडा पोहरादेवीच्या बाजूचा. तांड्यातली बरीच माणसं खडी फोडायला लांब गेली होती. मावशीची लेक बाळंत व्हायची होती, म्हणून तिच्यासाठी मावशी मागे राहिली होती. चैत्रापर्यंत जिनातलं काम टिकलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं असायचं. ती भरभर काम करायची. मला बोलायचा कंटाळा नव्हता, भीती होती. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. मावशीला ते चालायचं. ती तिच्या बोलीत आपल्याशीच काहीतरी बोलत राही आणि मी रुई देत राही.

मिस्तरी चाळिशीचा, बारीक अंगाचा होता. जिनात विडीला बंदी, त्यामुळे त्यानं आल्या आल्या विडीचा कट्टा फाटकावर ठेवला आणि मग दिवसभर जिभेनं दात चाचपत काम केलं. त्यानं तोंडाच्या एका बाजूला काळा डबा बसवला. त्यात एक छोटा दिवा होता आणि त्याच्या शेजारी काच, तोच डोळा. तोंडाच्या दुसऱ्या बाजूला गोल आरसा. दिव्याचा उजेड आरशावर जायचा आणि परत डोळ्यात यायचा. मध्ये कोणाचा हात आला की उजेड तुटायचा, डब्यातून कट् असा आवाज यायचा आणि वरचा लाल बल्ब लागायचा. लाल बल्ब लागला की चाचांनी हँडल कितीही ओढलं तरी दाब हलत नसे.

तो जुळवायला मात्र त्याला फार वेळ लागला. नट थोडासा सैल करायचा, डबा केसभर फिरवायचा, परत आवळायचा. आवळताना डबा पुन्हा केसभर सरकायचा. हवेत रुईची कुसं उडत असल्यामुळे उजेडाची रेघ आम्हाला उघड दिसे. दुपारनंतर पश्चिमेच्या दारातून ऊन आत आलं आणि डोळा गोंधळला. तेव्हा दाराला बारदानाचा पडदा लावावा लागला. डब्याच्या मागे एक खुंटी होती. ती एका बाजूला फिरवली तर कुसळ उडालं तरी लाल बल्ब लागायचा. दुसऱ्या बाजूला फिरवली तर आख्खा हात गेला तरी लागत नसे. मधली जागा शोधायची होती. त्यासाठी त्यानं मला उभं केलं.

“तू बरी हायेस. बडबड करत नाहीस. हात घाल. काढ. घाल. काढ.”

मी हात घालायची, काढायची. मध्येच त्यानं दिव्यावर टोपी ठेवली. लाल बल्ब लागला.

“हे पाहून ठेव,” तो म्हणाला. “दिवा जळाला, काच मळली, वायर तुटली, काही झालं तरी मशीन बंदच राह्यते. उजेड परत आला तरच चालते. याचा सारा गुण यातच हाय.”

चाचा मागून येऊन ऐकत होते. त्यांनी मान हलवली.

मग तोंडावर काम करणाऱ्या सगळ्या बायांची तपासणी झाली. एकेकीनं वाकून हात आत घालायचा. बायांना गंमत वाटत होती.

“माह्या सासूपरीस याची नजर बरी हाय,” एक म्हणाली. “कामाच्या वक्तीच पाह्यते.”

“काजळ लाव वो त्याले. बायाच बाया पाहून राह्यला, नजर लागंन.”

मावशीची पाळी आली. तिचा पोशाख त्यांच्या रीतीचा होता. कांचोळीवर आणि ओढणीच्या काठाला आरसे शिवलेले, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कानांजवळ चांदीचे झुबके. ती वाकली आणि दोन्ही हात आत घातले. कट् झालं नाही. लाल बल्ब लागला नाही. तिनं अंग थोडं वळवलं, तेव्हा लागला. पुन्हा वळली, विझला.

हसणं थांबलं. मिस्तरीनं तिला तसंच उभं राहायला सांगितलं आणि मूठभर रुई घेऊन तिच्या छातीवरच्या आरशांपुढे धरली. लाल बल्ब लागला. रुई काढली, विझला.

“तुमचे आरसे हायेत ना,” तो म्हणाला, “ते उजेड परत देऊन राह्यले. त्याले वाटते मधात कोनीच नाही.”

“म्हंजे मी दिसतच नाही त्याले?” मावशी म्हणाली.

“कधी दिसता, कधी नाही.”

“माह्या घरवाल्यासारखंच हाय मंग.”

बाया पुन्हा हसल्या. मिस्तरी हसला नाही. कधीच न दिसणं परवडतं, कधीमधी न दिसणं वाईट, असं काहीतरी तो पुटपुटला.

त्यानं खुंटी फिरवून पाहिली. डबा खाली घेतला, वर घेतला. खाली घेतला तर तिच्या बांगड्या आड यायच्या आणि लाल बल्ब लागायचा, पण ती पुढे वाकली की पुन्हा आरसे. कोणीतरी सुचवलं म्हणून तिच्या अंगावरून बारदान बांधलं. दोनदा वाकल्यावर बारदान घसरून कमरेला आलं.

मॅनेजर आले. नागपूरकडचे, इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांना बाहेर उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्यांची काळजी होती.

“बाई, उद्यापासून साडी नेसून ये. पाहिजे तर मी देववतो. नाहीतर बाहेर वेचायला बस.”

बाहेर म्हणजे उन्हात कापसातला पाला आणि किडक्या बोंडांच्या कवड्या वेचायच्या. मालाची आवक कमी झाली की बाहेरच्या बायांना सगळ्यात आधी घरी पाठवत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चैत्र अजून लांब होता.

मावशीनं ओढणी सारखी केली. “सायब, हे उतरवलेली बाई तांड्यात गेली तं लोक काय समजतीन ते तुमाले नाही मालूम. माहा घरवाला जिता हाय. हे नाही उतरवनार.”

“मग बाहेर बस.”

“बाहेर कायले बसू? हात माहे चांगले हायेत. डोळा त्याचा खराब हाय.”

मॅनेजर मिस्तरीकडे वळले. मिस्तरीनं जिभेनं दात चाचपले. मग म्हणाला, “आरसा काढून टाकू. दिवा इकडे ठेवू आन डोळा तिकडे. मंग कोनाच्या अंगावर काही असू द्या, उजेड तुटनारच. पन तिकडे वायर न्यायची म्हंजे खालची फरशी खनून पाइप टाकना पडते. तेवढी वायर माह्यापाशी नाही. अकोल्याहून गाडीनं येईन.”

“तोपर्यंत?”

“तोपर्यंत डोळा मशीनपासून सोडवून ठेवतो. मशीन पह्यलेसारखी चालंन.”

मॅनेजर कंटाळल्यासारखे झाले. “म्हणजे पुन्हा आवाज द्यायला बाई पाहिजे. कोण देते?”

बाया खाली पाहू लागल्या. एक पदराच्या टोकाला गाठी मारू लागली. मीही खालीच पाहत होते. मला वाटलं, आता मावशी बाहेर जाणार, आणि माझ्याबरोबर जी कोणी येईल ती दिवसभर मला बोलतं करायला पाहील.

“हे देईन,” मावशी म्हणाली. तिचा हात माझ्या दंडावर होता. “माह्यासंगं हेच राह्यते. हे आवाज देईन तं मी हात घालीन.”

बायांत खसखस पिकली. “हे? हिचा आवाज कोनं आयकला आजपावतर?”

“लगनात नाव घेतलं तेवाही काय म्हटलं ते शेजारनीनं सांगतलं म्हनते.”

ते खरं होतं. मान वर करून मी नाही म्हणणार होते, पण तेही जमेना.

तेव्हा चाचा बोलले. ते सहसा मॅनेजरसमोर बोलत नसत. “साहेब, मागं आवाज थांबायसाठी होता. आयकू नाही आला, बोटं गेली. आता उलटं करू. या डोळ्याचं जसं हाय, उजेड नाही तं मशीन नाही, तसं. पोरीनं ‘सोडा’ म्हटलं तरच मी दाब सोडीन. नाही म्हटलं, आवाज बसला, पानी प्याले गेली, दाब वरच राहीन. अशा कामाले कमी बोलनारीच पायजे.”

मिस्तरी त्यांच्याकडे पाहून म्हणाला, “बरोबर हाय.” मॅनेजर म्हणाले, “काय करायचं ते करा, पण गाठी निघू द्या.”

अशी मी आवाजाला लागले. पहिल्यांदा मी ‘सोडा’ म्हटलं ते मलाच ऐकू आलं. दाब वरच राहिला. पुन्हा म्हटलं. वरच. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती, कवेत रुई घेतलेल्या बाया मागे खोळंबल्या होत्या. “पोटातून काढ, बेटी,” ती म्हणाली. “गळ्यातून नको.” तिसऱ्या वेळी दाब उतरला. एवढं मोठं लोखंड माझ्या शब्दावर खाली आलं याचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते हेच, की आता परत म्हणावं लागणार.

दिवसभर म्हणावं लागलं. घरी आले तेव्हा घसा धरला होता. सासूबाई म्हणाल्या, “कोनाशी भांडून आली वो?” नवऱ्यानं मान वर करून पाहिलं. मी भांडेन हे त्यालाही खरं वाटलं नसावं.

काम मात्र हळू चाललं. मी पूर्ण पाहिल्याशिवाय बोलत नसे. मावशीचे हात बाहेर, ओढणी बाहेर, बाकीच्या बाया मागे, मग ‘सोडा’. गाठी कमी निघू लागल्या. एके दिवशी मॅनेजर स्वतः येऊन माझ्या बाजूला उभे राहिले. मावशीनं रुई लोटली, हात काढले आणि ती वळली. मॅनेजर म्हणाले, “हं, झालं. बोल.”

तिची ओढणी पेटीच्या काठाला अडकली होती. काठाला एक पत्रा उचकटलेला होता, त्यात ओढणीवरच्या आरशाचा टाका गुंतला होता. ती पाठमोरी होऊन तो ओढत होती, आणि ओढणी तिच्या डोक्याला बांधलेली. तिचं डोकं तोंडाच्या चौकटीला लागलं होतं.

“बोल ना,” मॅनेजर म्हणाले. मग त्यांनीच मागे आवाज दिला, “सोड रे, रिकामं आहे.”

दाब हलला नाही. मागून चाचा म्हणाले, “पोरीचा आवाज नाही आला, साहेब.”

“मी सांगतो ना.”

“तुमचा आला. तिचा नाही आला.”

मला ‘तिची ओढणी अडकली’ एवढं म्हणता आलं असतं. ते म्हणता आलं नाही. मी गप्प राहिले, आणि तेवढं पुरलं. मावशीनं टाका तोडला, आरसा खाली पडला, ती चार पावलं मागे आली. मग मी ‘सोडा’ म्हटलं. दाब उतरला.

मॅनेजरनी खाली पडलेला आरसा पाहिला, ओढणी पाहिली. संध्याकाळी त्यांनी तो उचकटलेला पत्रा ठोकून घेतला आणि वायर आली का ते पाहायला माणूस स्टेशनावर पाठवला.

वायर आली. फरशी खणली, पाइप टाकला. मिस्तरीनं आरसा काढून खिशात घातला आणि त्या जागी डोळा बसवला. पुन्हा नट सैल करणं, आवळणं, ‘हात घाल, काढ’. शेवटी त्यानं मावशीला बोलावलं. ती समोरून वाकली, आडवी वाकली, ओढणी पसरून वाकली. दर वेळी कट् झालं आणि लाल बल्ब लागला. तिनं करंगळी घातली, तरी लागला.

“आता दिसली,” मिस्तरी म्हणाला.

“उशिरा दिसली,” ती म्हणाली. “पन दिसली.”

मला काचा पुसायचं काम दिलं. दोन्ही काचांवर रुईची साय धरायची, ती मऊ फडक्यानं काढायची. बाकी वेळ पहिल्यासारखी रुई द्यायची. मावशी चैत्रापर्यंत तोंडावरच होती. तिच्या लेकीला मुलगी झाली, ते तिनं मला रुई लोटता लोटता सांगितलं. चैत्रात पोहरादेवीच्या जत्रेला गेली ती परत आली नाही. पुढच्या हंगामात तिच्या जागी दुसरी बाई होती.

डोळा सुरू झाल्यावर माझ्या आवाजाचं काम संपलं होतं. मावशीची सवय मात्र ती जाईपर्यंत सुटली नाही. हात काढले की ती मागे सरकायची आणि आधी माझ्याकडे पाहायची. मग मी हळूच ‘सोडा’ म्हणायची. तोपर्यंत दाब अर्धा उतरलेला असायचा.