अंगावर रुजलेली शेंग

चिखलातून एक मासा चक्क चालत गेला, तेव्हा चंद्राबाईनं लाकडी पुलाचा कठडा घट्ट धरला.

"आरं, ह्यो मासा हाय का सरडा?"

"मासाच हाय काकी. पाण्याबाहीर लय वेळ ऱ्हातो," वीरधवल हसला.

वीरधवल तिच्याच पोटचा. तासगावच्या घरात थोरल्या जाऊबाईंची, बनुबाईंची कूस उजवली नाही, म्हणून चंद्राबाईनं हा दुसरा मुलगा बारशाच्या दिवशीच त्यांच्या ओटीत घातला. वर शब्द दिला, मी याची काकीच राहीन. एका घरात, एका चुलीवर तीस वर्षं तो शब्द पाळला. पोरगा बनुबाईंना अगंतुगं करायचा, हिला अहोजाहो. गावाला ठाऊक, त्यालाही ठाऊक. बोलत कुणीच नसे.

गेल्या दिवाळीत बनुबाई गेल्या. चैत्रात नौदलातल्या वीरधवलनं चंद्राबाईला अंदमानचं तिकीट पाठवलं. पिशवीत बेदाणे भरताना तिच्या मनानं नको ती उडी घेतली. आता तरी म्हणेल. एकदा तरी आई म्हणेल.

अंदमानात येऊन आज सहावा दिवस. पुलाशेजारी खारफुटीतली कांदळाची झाडं काठ्यांसारखी मुळं चिखलात रोवून उभी होती. फांद्यांना शेवग्यासारखं काही लोंबत होतं. तिनं एक शेंग हातात धरली.

"कालवण करताय व्हय काकी?"

"चेष्टा नगं. बी कुटं असतंय ह्याचं?"

"ह्येच की. ह्ये झाड बी खाली टाकत न्हाई. आईच्या अंगावरच रुजतंय, हातभर वाढतंय, मगच सुटतंय. न्हाईतर लाट न्हेईल की त्याला."

चंद्राबाईनं शेंग सोडून दिली. तिनं दिलं तेव्हा तिचं बारा दिवसांचं होतं.

आपण काय बोलून बसलो, ते त्याच्याही ध्यानात आलं.

"जाताना आई म्हनली हुती, काकीला बेट दाखीव. आन् तितं तिला आई म्हन. तुमी आल्यापास्नं बघतोय. ओठावर येतंय, आन् तिचंच तोंड दिसतंय. जमत न्हाई ओ काकी."

तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले. तीस वर्षांत ते काम कधी तिच्याकडे आलं नव्हतं.

"नगं म्हनू. तिचंच हाय त्ये. म्याच दिलंय."

भरतीचं पाणी चढू लागलं. परतताना त्यानं तिचा हात धरला. "जपून काकी, शेवाळ हाय."

"व्हय रं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं पदराचा बोळा तोंडात धरला.